सहावीचा वर्ग, आबांची तागडी आणि 'बरोबर'चं चिन्ह

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला सोळा आठवड्यांची आंतरवासिता असते. एका शाळेत जायचं, नेमून दिलेले पाठ घ्यायचे, टाचणं (म्हणजे पाठाचे लेखी आराखडे) लिहायची, सह्या गोळा करायच्या. माझं वय ३४, बी.एस्सी. होऊन १२ वर्षं झालेली, मधला काळ मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हिशेब लिहिण्यात गेलेला. वर्गात उभं राहण्याचा अनुभव शून्य. या सोळा आठवड्यांत मला सगळ्यात जास्त घाम फोडला तो सहावीच्या 'समीकरणे' या प्रकरणानं. म्हणजे 'क्ष अधिक तीन बरोबर आठ' इतक्या सोप्या, एका पायरीत सुटणाऱ्या गणितांनी. यंदा ज्यांची आंतरवासिता आहे, त्यांच्यासाठी घडलं तसं लिहिते.

सुरुवातच रखडली. महाविद्यालयाचं पत्र घेऊन ११ नोव्हेंबर २०२४ ला शाळेत गेले. शाळा कोल्हापुरातल्या पेठेतली, मराठी माध्यमाची, जुन्या इमारतीची. लिपिकानं पत्र उलटंपालटं केलं, पत्रावर जावक क्रमांक नाही म्हणून परत दिलं. दुसऱ्या दिवशी क्रमांक टाकून आणला, तर मुख्याध्यापक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला. २० तारखेला विधानसभेचं मतदान, शाळेत मतदान केंद्र, निम्मे शिक्षक ड्युटीवर. "मॅडम, निवडणूक होऊ दे, मग या." २५ नोव्हेंबरला, सोमवारी, एकदाची आवकच्या रजिस्टरात नोंद झाली आणि माझं नाव वेगळ्या हजेरीपत्रकावर चढलं. पत्राच्या तीन प्रती आधीच काढून ठेवा. एक शाळेला, एक महाविद्यालयाला आणि एक आवकचा शिक्का मारलेली स्वतःकडे. ती तिसरी मला पुढे दोनदा उपयोगी पडली.

पहिला आठवडा फक्त मागे बसून निरीक्षण. सहावीचा वर्ग ४२ जणांचा, तास ३५ मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं हजेरी आणि 'बाई, ह्यानं माझी पट्टी घेतली' यात जाणारी. माझ्या मार्गदर्शक शिक्षिका पंचवीस वर्षं गणित शिकवणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "समीकरणं तुम्ही घ्या. सोपं प्रकरण आहे, दोन तासांत होतंय."

शुक्रवारी, २९ तारखेला, त्यांची परवानगी काढून मी पोरांना एकच प्रश्न कागदावर लिहायला दिला. ८ + ४ = चौकोन + ५. चौकोनात कोणती संख्या?

त्या दिवशी ३९ जण हजर होते. बहुतेकांनी चौकोनात १२ लिहिलं. काहींनी १२ लिहून वर पुढे '= १७' अशी शेपटीही जोडली. ७ लिहिणारे फक्त पाच. मला आधी वाटलं प्रश्न नीट कळला नसेल. म्हणून एका मुलीला तो मोठ्यानं वाचायला लावला. तिनं वाचलं, "आठ अधिक चार बरोबर..." आणि थांबून म्हणाली, "बारा. बरोबर हाय की!"

तिथं माझ्या डोक्यात काहीतरी हललं. आपण ते चिन्ह वाचतोच 'बरोबर' असं. आणि बरोबर म्हणजे पोराच्या दृष्टीनं काय? उत्तर चुकलं नाही, बाईंनी टिक मारली, ते बरोबर. पहिलीपासून पाच वर्षं त्या दोन आडव्या रेघांच्या उजवीकडे फक्त उत्तर लिहायची जागा असते. त्यामुळे 'बरोबर' आलं की उत्तर टाकायचं, ही त्यांची सवय. अशा पोरांसमोर मी थेट 'क्ष + ३ = ८' टाकणार होते, जिथं बरोबरच्या पुढे उत्तर आधीच लिहिलंय आणि शोधायचं ते मागे आहे!

शनिवार-रविवार टाचण लिहिण्यात गेला. छापील टाचणवही १८० रुपयांची. रकाने ठरलेले: घटक, उपघटक, अध्ययन निष्पत्ती, पूर्वज्ञान, शैक्षणिक साहित्य, हेतुकथन, विकसन, संकलन (शिकवलेलं शेवटी एकत्र मांडणं), उपयोजन, फलकलेखन, गृहपाठ. शैक्षणिक साहित्यात मी लिहिलं 'तराजू'. पाठ्यपुस्तकात तराजूचं चित्र असतंच, पण मला खरा हवा होता. आमचे आबा मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात मापाडी होते. तिथं आता इलेक्ट्रॉनिक काटे आलेत, पण आबांची दोन पारड्यांची हातातली तागडी माळ्यावर आहे. ती काढली, घासली. आता दोन्हीकडे ठेवायला एकसारख्या वजनाच्या वस्तू हव्या होत्या. गोट्या घेतल्या तर लहानमोठ्या निघतात. शेवटी शिवाजी उद्यमनगरातल्या एका दुकानातून अर्धा किलो लोखंडी वायसर (नट-बोल्टमध्ये घालतात त्या चकत्या) आणले, ६५ रुपयांचे. साधारण ऐंशी नग. सगळे एका साच्यातले, त्यामुळे वजनाची भानगड नाही. क्षसाठी जुन्या साडीच्या तुकड्याच्या पुरचुंड्या शिवल्या. आत किती वायसर आहेत ते बाहेरून कळायला नको, म्हणून कापड जाड घेतलं. ही जाडी मला महागात पडली.

२ डिसेंबर, सोमवार, तिसरा तास. एका पारड्यात पाच वायसर घातलेली पुरचुंडी आणि तीन सुटे. दुसऱ्या पारड्यात आठ सुटे. अख्खा वर्ग माना उंचावून बघतोय. मी ऐटीत म्हणाले, "बघा, दोन्ही बाजू सारख्या." आणि तागडी उचलली. डावं पारडं खाली गेलं.

"बाई, सारखं न्हाई!"

परत उचलली. परत खाली. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो आठवडाभरात माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, उठून म्हणाला, "तिकडं आनी एक टाका." टाकला. पारडी जुळली. आता डावीकडे पुरचुंडी अधिक तीन, उजवीकडे नऊ. पोरांनी लगेच हिशेब केला, "सहा हायत आत, सहा!" पुरचुंडी उघडली तर पाच. एकच हशा. "बाई, गणित खोटं हाय." मागे मार्गदर्शक बाई निरीक्षण वहीत काहीतरी लिहीत होत्या. मला तोंड कुठं लपवू असं झालं. कसाबसा फळ्यावर उरलेला भाग उरकला, तोवर घंटा झाली.

घरी आबांना सांगितलं. ते चहा पीत होते. म्हणाले, "मोकळी तागडी उचलून बघितलीस का आदी?" नव्हती बघितली. "मग काय! पासंग हाय तिला. आनी कापडाचं वजन कुणाच्या नावावर धरलीस?"

पासंग हा शब्द मी 'पासंगालाही पुरत नाही' यातच ऐकला होता. रिकाम्या तागडीची एक बाजू जड असेल, तर हलक्या बाजूला खडा किंवा असलंच काहीतरी बांधून ती आधी समतोल करतात, तो पासंग. आमच्या तागडीच्या दोरीला खडा होता तो माळ्यावर कधीतरी गळून पडला होता.

मंगळवारी मी टाचणात नसलेला पाठ घेतला. मोकळी तागडी पोरांसमोर उचलली, ती झुकलेली दाखवली आणि विचारलं, आता काय करायचं? वर्गात दोघांच्या घरी भाजीचा गाडा आहे, त्यांना पासंग माहीत होता. त्यातल्या एकानं उजव्या दोरीला एक वायसर बांधला, मग तो जड झाला म्हणून काढून खडू बांधला. दुसऱ्यानं सुचवलं, की एका पारड्यात पुरचुंडी असेल तर दुसऱ्यात रिकामी पुरचुंडी टाकायची. हा तोडगा मला रात्रभर सुचला नव्हता. मग कालचंच गणित मांडलं. पाच अधिक तीन, तिकडं आठ. पारडी समोरासमोर थांबली तेव्हा वर्गात खरंच आवाज नव्हता.

त्यानंतर एकच गोष्ट विचारायची होती. पुरचुंडी न उघडता आतलं कसं ओळखायचं? डावीकडचे तीन सुटे काढले. पारडं वर. "आता?" "तिकडचे बी तीन काढा." काढले. पुरचुंडीसमोर पाच. आणि ते जे बोलले तेच मी फळ्यावर लिहीत गेले:

क्ष + ३ = ८
क्ष + ३ − ३ = ८ − ३
क्ष = ५

त्याच दिवशी आम्ही '=' वाचायची पद्धत बदलली. 'बरोबर' म्हणायचं नाही, 'तेवढंच' म्हणायचं. "क्ष आणि तीन, तेवढंच आठ." ऐकायला गावंढळ वाटतं खरं, एका सहकारी विद्यार्थिनीनं नाक मुरडलंही. पण ८ + ४ = चौकोन + ५ परत दिलं तेव्हा "आठ न् चार, तेवढंच, काहीतरी न् पाच" असं पुटपुटत पोरांनी सात काढले. सगळ्यांनी नाही. तरी पाचांवरून गाडी बरीच पुढे आली.

खरं तर पुस्तकातल्या आणि फळ्यावरच्या गणितांत इंग्रजी एक्स असतो, इथं लिहिताना मी क्ष वापरतेय. त्या एक्सचा एक वेगळाच ताप झाला. ३ च्या पुढे एक्स लिहिला की निम्मा वर्ग तो 'गुणिले' वाचायचा. "तीन गुणिले बरोबर बारा? तीन गुणिले काय, बाई?" चूक त्यांची म्हणता येत नाही, दिसायला सारखंच दिसतं. दुसरा गोंधळ त्याहून मजेशीर. क्षची किंमत ४ धरा आणि ३क्ष किती सांगा म्हटल्यावर उत्तर आलं ३४. क्षच्या जागी चार ठेवले, संपलं. म्हणून गुणाकाराच्या पाठाच्या दिवशी अक्षरच बदललं.

'क्षच का?' हे एका मुलीनं विचारलं होतंच. मग सांगितलं की बाराव्या शतकातले भास्कराचार्य न माहीत असलेल्या संख्येला 'यावत्तावत्' म्हणत. जितकं असेल तितकं. लिहिताना नुसतं 'या'. अज्ञात संख्या एकाहून जास्त असतील तर पुढच्यांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. पोरांना रंगांची कल्पना फारच आवडली. आणि बरोबरच्या दोन रेघा? त्या १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या माणसानं छापील पुस्तकात आणल्या. दोन समांतर सारख्या रेघांइतकं सारखं दुसरं काय असणार, असं त्याचं म्हणणं. एवढ्यात दहा मिनिटं गेली, टाचणात त्यांना जागा नव्हती, पण पुढचे चार दिवस वर्ग 'या'मध्येच गणितं सोडवत होता. ३या = १२. इथं गुणिलेचा गोंधळ नाही.

गुणाकाराला तागडी छान चालते. दोन सारख्या पुरचुंड्या, समोर दहा वायसर, दोन्हीकडचं निम्मं करा. वजाबाकीला मात्र तागडी हात वर करते. क्ष − ४ = ६ कसं दाखवणार? पारड्यात 'उणे चार' ठेवता येत नाही. मी एक संध्याकाळ उगाच खटपट केली, पुरचुंडीतून चार काढून शेजारी ठेवले वगैरे, आणि सोडून दिलं. वर्गात मातीचा गल्ला नेला. गल्ल्यात काही रुपये होते, चार काढले, सहा उरले. आधी किती? "काढलेले परत टाका की!" इतकं सरळ. ते दोन्ही बाजूंना अधिक चार करून लिहायचं एवढंच राहिलं. भागाकारासाठी गूळ. डिसेंबर म्हणजे गुऱ्हाळांचा हंगाम, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, सगळ्यांच्या घरात गूळ. गुळाच्या एका रव्याचे, म्हणजे ढेपेचे, चार सारखे भाग केले, एक भाग पाच किलोचा, तर रवा केवढा? क्ष भागिले चार, तेवढंच पाच. "वीस. पर बाई, वीसचा रवा नसतो, धाचा न्हाईतर तीसचा असतो." बरं बाबा. दुसऱ्या दिवशी साडेसात किलोचा भाग घेतला.

१० तारखेच्या सुमारास नवी अडचण आली. शिकवणीला जाणारी सात-आठ पोरं आधीच एक मंत्र शिकून आली होती: 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं.' बेरजेच्या गणितात ती सगळ्यांच्या आधी हात वर करायची. ३क्ष = १२ आलं तेव्हा त्यांनी तीनला पलीकडे नेलं, चिन्ह बदललं, १२ − ३, उत्तर ९. एकानं तर १२ भागिले उणे ३ केलं. मार्गदर्शक बाईंचं मत होतं की पुढे जाऊन हेच करायचंय, मग आत्ताच का नको. मला त्यांचं पटत नव्हतं, पण वाद घातला नाही, सही त्यांचीच लागते. त्याऐवजी ताळा सक्तीचा केला. उत्तराखाली रेघ मारायच्या आधी ती किंमत मूळ समीकरणात ठेवून बघायची. नऊ ठेवले, तीन नव्वे सत्तावीस. तेवढंच बारा? न्हाई. मंत्रवाली पोरं स्वतःच मागे फिरली. ताळा हा शब्द त्यांनी घरी ऐकलेला होता, आजोबांच्या तोंडून. तो परत वापरात आणला याचं मला बरं वाटलं.

'दिसतंयच की उत्तर, पायऱ्या कशाला?' हाही प्रश्न होताच, आणि तो रास्त आहे. क्ष + ३ = ८ ला पायऱ्या लिहायला लावणं म्हणजे छळ. त्यावर उपाय म्हणजे संख्या मोठ्या द्या. क्ष + ३८७ = १२०४ दिल्यावर कुणालाच काही दिसत नाही. मग पायरीची गरज त्यांची त्यांनाच वाटते. उत्तर ८१७ आल्यावर एक मुलगी ओरडली, "बाई, मी केलो!" आमच्याकडे मुलीही असंच बोलतात, बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकांना दचकायला होतं. मी दुरुस्त केलं नाही.

शाब्दिक उदाहरणांना सगळ्यात जास्त वेळ ठेवा. मी दोन तास धरले होते, पाच लागले. 'माझ्याकडे तुझ्यापेक्षा ४ गोट्या कमी आहेत. माझ्याकडे ९ आहेत. तुझ्याकडे किती?' 'कमी' दिसलं की पोरं वजा करतात, ९ − ४ = ५. 'पेक्षा' हा शब्द फार लबाड आहे, कोणाकडे जास्त हे तो उलट्या बाजूनं सांगतो. मी दोन मुलांना उभं केलं, एकाच्या हातात नऊ वायसर दिले. "ह्याच्याकडं कमी हायत. मग जास्त कुणाकडं?" समोरच्याकडे बोट गेलं. मग समोरच्याचे क्ष, क्ष − ४ तेवढंच ९, क्ष तेरा.

यातून एक नियम केला. समीकरणाच्या आधी एक वाक्य लिहायचं, 'क्ष म्हणजे तुझ्याकडच्या गोट्यांची संख्या'. नुसतं 'क्ष म्हणजे गोट्या' चालणार नाही. गुळाचं उदाहरण दिलं होतं, ५ किलोचे २७५ रुपये, एका किलोचा भाव ग. पोरांनी ५ग म्हणजे 'पाच किलो गूळ' असंच धरलं. ग म्हणजे गूळ नाही, ग म्हणजे किलोचे रुपये, हे मी किती वेळा बोलले असेन! वाक्य लिहायला लागल्यावर हा प्रकार कमी झाला, पूर्ण गेला नाही.

१८ डिसेंबरला महाविद्यालयाचे पर्यवेक्षक पाठ बघायला आले. टाचण आदल्या दिवशी मंजूर करून घ्यावं लागतं. माझं झालं होतं, पण त्यात 'तेवढंच' शब्द नव्हता. ते मागे बसले, वर्ग 'तेवढंच, तेवढंच' करतोय, आणि त्यांची भुवई वर. संकलन राहिलं आणि घंटा झाली. शेरा आला: 'विद्यार्थी सहभाग उत्तम. प्रमाण भाषेचा वापर करावा. वेळेचे नियोजन नाही.' तिन्ही खरं. ५० पैकी ३६ गुण. मैत्रिणींना ४२-४३ होते. दोन दिवस मनाला लागलं. आता वाटतं, घड्याळ समोरच्या टेबलावर ठेवायला हवं होतं. पंचविसाव्या मिनिटाला, कुठंही असाल तिथून, संकलनावर या.

२४ तारखेला दहा गुणांची चाचणी घेतली. झेरॉक्सचे ८४ रुपये माझेच. शेवटचा प्रश्न होता, 'स्वतःचं समीकरण आणि त्याची गोष्ट लिहा.' फुटबॉलवाले बरेच होते: आमच्या तालमीचे (म्हणजे संघाचे) गोल क्ष, एक रेफ्रीनं रद्द केला, दोन उरले. भाजीच्या गाड्यावाल्या मुलानं लिहिलं, 'गल्ल्यात क्ष रुपये होते. पप्पांनी २०० काढले. ३४० उरले. मम्मीला सांगितले १४० होते.' समीकरण अचूक, ताळाही केलेला. मी पूर्ण गुण दिले आणि गोष्ट मोठ्यानं वाचली नाही. सहा-सात जणांना अजूनही 'पेक्षा' जमत नव्हता. त्यांना जानेवारीत मधल्या सुट्टीत घेऊन बसत होते, निम्म्यांना आलं.

आंतरवासिता १५ मार्चला संपली. साहित्य, टाचणवह्या, झेरॉक्स आणि फाईल मिळून या एका प्रकरणाचा खर्च साडेचारशेच्या आसपास गेला. प्रमाणपत्र आलं त्यावर अध्यापन विषय 'विज्ञान' छापलेला. दुरुस्तीचा अर्ज, सोबत त्या शिक्का मारलेल्या तिसऱ्या प्रतीची झेरॉक्स, आणि अकरा दिवस.

तागडी आबांना परत दिली. त्यांनी ती सवयीनं मोकळीच उचलून बघितली. पारडी जुळली. मग उजव्या दोरीला सुतळीनं बांधलेला खडूचा तुकडा बोटानं चाचपला आणि विचारलं, "हे कुणी बांधलं?"

"सहावीतल्या एका पोरानं."

"भाजीवाल्याचा आसंल," आबा म्हणाले, आणि तागडी माळ्यावर न टाकता खुंटीला अडकवली.